‘अपस्टेज’ नेमका कसा वापरायचा? रंगमंचावरून रोजच्या इंग्रजीत आलेल्या एका शब्दाची सविस्तर ओळख

इंग्रजी वर्तमानपत्राच्या क्रीडा किंवा मनोरंजनाच्या पानावर ‘अपस्टेज्ड’ हा शब्द वरचेवर भेटतो. नवख्या खेळाडूने नावाजलेल्या खेळाडूला अपस्टेज केलं, पाहुण्या वक्त्याने अध्यक्षांना अपस्टेज केलं, करवलीच्या शालूने नवरीला अपस्टेज केलं. वाचताना अर्थ साधारण लागतो. बोलायची वेळ आली की मात्र आपण ‘ओव्हरटेक’, ‘ओव्हरशॅडो’, ‘डॉमिनेट’ असं जवळपासचं काहीतरी उचलतो आणि वाक्य कसंबसं पुरं करतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आणि नोकरदारांना पुण्यात इंग्रजी शिकवताना हे मला सतत दिसतं. ‘दुसऱ्याकडचं लक्ष स्वतःकडे ओढून घेणे’ हा कोशातला अर्थ त्यांना पाठ असतो. तरी वाक्य चुकतं, कारण तो शब्द रंगमंचावर कुठे उभा आहे हे कुणी त्यांना दाखवलेलं नसतं. नाटकातून इंग्रजीत आलेल्या जवळजवळ प्रत्येक शब्दात एक जागा असते, त्या जागेवर कुणीतरी उभं असतं आणि समोरून कुणीतरी पाहत असतं. या तीन गोष्टी डोळ्यांसमोर आल्या की अर्थ तर कळतोच, शिवाय वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण, शब्दयोगी अव्यय लागतं की नाही, हेही सुटतं. म्हणून या लेखात एकच शब्द मुळापासून घेतो आणि त्याच वाटेने बाकीच्यांकडे जातो.

पहिली पायरी: रंगमंचाचा नकाशा समजून घ्या

‘अप’ म्हणजे वर. त्यामुळे अपस्टेज म्हणजे ‘दुसऱ्याच्या वर चढणे’ असा अंदाज बहुतेक जण करतात. अंदाज सोपा आहे, पण चुकीचा आहे, आणि पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

युरोपात प्रबोधनकाळापासून रंगमंचाची जमीन सपाट नसे. ती प्रेक्षकांच्या बाजूला सखल आणि मागच्या भिंतीकडे चढत गेलेली असे. याची दोन कारणं. जमिनीलगत बसलेल्या किंवा उभ्या प्रेक्षकांना मागचा नट दिसावा, हे एक. दुसरं असं की, रंगवलेल्या पडद्यांवर रस्ते आणि महाल दूरवर गेल्याचा जो आभास निर्माण करायचा, तो चढत्या जमिनीमुळे अधिक खरा वाटे. अशा रंगमंचावर मागे जायचं म्हणजे खरोखरच चढ चढायचा. म्हणून मागची बाजू ‘अपस्टेज’ आणि प्रेक्षकांजवळची बाजू ‘डाऊनस्टेज’. पॅरिसच्या जुन्या ऑपेरागृहात, पॅले गार्निएमध्ये, असा उताराचा मंच आजही आहे.

आपल्याकडच्या आजच्या नाट्यगृहांत मंच सपाट आणि उतार प्रेक्षागृहाला. बालगंधर्व रंगमंदिरात किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात मागच्या रांगेतून पुढे चालत गेलात तर तो उतार पायांना जाणवेल. मंचावरचा चढ गेला, शब्द मात्र राहिले. पुण्यातल्या कुठल्याही तालमीत ‘अप लेफ्ट’, ‘डाऊन सेंटर’ हे शब्द ऐकू येतात, आणि एकांकिका करणाऱ्या कॉलेजच्या मुलांनाही ते तोंडपाठ असतात.

डाव्या-उजव्याबद्दल इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. ‘स्टेज लेफ्ट’ म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची डावी बाजू. आपण खुर्चीत बसलेलो असतो तेव्हा ती आपल्या उजव्या हाताला येते.

दुसरी पायरी: दोघांनी उभं राहून करून पाहा

ही पायरी कुणी टाळू नये. घरात एक भिंत ‘मागची’ ठरवा. समोर एका खुर्चीवर कुणाला तरी बसवा, तो प्रेक्षक. आता दोघे जण खोलीच्या मधोमध एकमेकांच्या शेजारी उभे राहा आणि बोला. प्रेक्षकाला दोघांचेही चेहरे अर्धेअर्धे दिसतील. मग त्यातल्या एकाने बोलता बोलता दोन-तीन पावलं मागे, भिंतीकडे सरकायचं. पुढे राहिलेल्याला त्याच्याशी बोलायचं तर मागे वळावं लागेल. तो वळला की त्याची पाठ प्रेक्षकाकडे आणि मागे सरकलेल्याचा चेहरा थेट प्रेक्षकासमोर. वाक्य पुढच्याचं, प्रसंग पुढच्याचा, आणि दिसतोय मात्र मागचा.

इंग्रजी नटांच्या बोलीत यालाच ‘अपस्टेज करणं’ म्हणू लागले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हे क्रियापद नाट्यगृहाबाहेर रोजच्या बोलण्यात आलं. याच सुमाराला ‘शिष्ट, तुसडा’ अशा अर्थाचं ‘अपस्टेज’ हे विशेषणही चलनात होतं. जुन्या कादंबऱ्यांत ते भेटेल. आज तसं कुणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका.

एकांकिकेच्या तालमीत दिग्दर्शक ओरडतात, ‘अरे मागे सरकू नकोस, तो पाठमोरा होतोय!’ तीच ही गोष्ट. पण तालमीत आणखी एक ओरड असते: ‘तू त्याला कव्हर करतोयस!’ म्हणजे एक नट दुसऱ्याच्या पुढ्यात येऊन त्याला झाकतो आहे. हे अपस्टेज नव्हे. कव्हर होणाऱ्याला झाकलं जातं, तो दिसतच नाही. अपस्टेज होणारा मात्र सगळ्यांना दिसत असतो, फक्त पाठमोरा. रोजच्या भाषेतही हा फरक टिकून आहे. मीटिंगमध्ये तुम्हाला बोलूच दिलं नाही, तर तुम्ही अपस्टेज झालेला नाही. तुम्ही बोलत होतात, वेळ तुमचीच होती, पण सगळे दुसऱ्याकडे बघत होते, तर झालात.

तिसरी पायरी: तीन जण आहेत का, ते तपासा

शब्द वापरण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. त्या क्षणी मान कुणाचा होता? लक्ष कुणी नेलं? पाहणारे कोण होते? तिन्हींची उत्तरं मिळाली तरच ‘अपस्टेज’ बसेल.

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. लग्नात मान नवरानवरीचा, निरोप समारंभात निवृत्त होणाऱ्याचा, पंचाहत्तरीला आजोबांचा. ज्याचा तो प्रसंग, त्याच्याकडचं लक्ष दुसरीकडे गेलं, की हा शब्द येतो. स्पर्धेत दहा जण सारख्याच हक्काने उतरले आणि एक जण पहिला आला, तर त्याने बाकी नऊ जणांना अपस्टेज केलं असं म्हणायचं नाही, कारण तिथे आधीपासून कुणाचाच मान ठरलेला नव्हता. तोच सामना एखाद्या दिग्गज खेळाडूच्या निरोपाचा असेल आणि एका पोराने शतक ठोकून सगळी हवा आपल्याकडे वळवली असेल, तर शब्द अचूक बसतो.

हेतू मात्र लागत नाही. बारशाला आलेलं दुसरंच बाळ रांगत रांगत पाळण्याखाली गेलं आणि सगळ्यांचे मोबाइल त्याच्याकडे वळले, तर त्याने उत्सवमूर्तीला अपस्टेज केलं. त्याला बिचाऱ्याला काय कळतंय! माणूसच हवा असंही नाही. कुत्रं, साडी, केक, मंडपाची सजावट, यांपैकी कुणीही कर्ता होऊ शकतं.

चौथी पायरी: वाक्य बांधा

मराठीत आपण ‘त्याने माझ्यावर कुरघोडी केली’ असं म्हणतो. त्यातला ‘वर’ इंग्रजीत आपोआप उतरतो आणि ‘ही अपस्टेज्ड ऑन मी’ किंवा ‘ही अपस्टेज्ड ओव्हर मी’ असं काहीतरी तयार होतं. तो ‘वर’ काढून टाका. अपस्टेज सरळ कर्म घेतं: ‘ही अपस्टेज्ड मी.’ मध्ये काही नाही.

आणि कर्म लागतंच. ‘ही अपस्टेज्ड’ एवढ्यावर थांबलात तर ऐकणारा ‘कुणाला?’ म्हणून थांबतो. अपवाद फक्त मूळ नाटकी अर्थाचा, दिशा सांगण्याचा. ‘शी वॉक्ड अपस्टेज’ म्हणजे ती रंगमंचाच्या मागच्या बाजूला चालत गेली. इथे अपस्टेज हे क्रियापद नाहीच, क्रियाविशेषण आहे. तालमीत हे चालेल, ऑफिसात याची गरज पडणार नाही.

रोजच्या वापरात सगळ्यांत नैसर्गिक वाटते ती कर्मणी रचना: ‘द ब्राइड वॉज अपस्टेज्ड बाय हर ओन सिस्टर.’ नवरीची तिच्याच बहिणीपुढे कुणी दखल घेतली नाही. इंग्रजी बोलणारे या रचनेकडे वळतात त्याला कारण आहे. त्यांची सहानुभूती जिच्याकडचं लक्ष गेलं तिच्याकडे असते, म्हणून वाक्य तिच्यापासून सुरू होतं. बातमीतही अशीच वाक्यं जास्त भेटतील.

आणखी दोन रचना मनात ठेवा. एक, ‘डोन्ट ट्राय टु अपस्टेज हिम.’ त्याच्या कार्यक्रमात स्वतः पुढे पुढे करू नकोस. दुसरी, जी लेखी इंग्रजीत फार शोभते: ‘नॉट टु बी अपस्टेज्ड, द सेकंड टीम ब्रॉट अ लाइव्ह डेमो.’ आपण मागे पडायला नको म्हणून दुसऱ्या टीमने थेट प्रात्यक्षिकच आणलं. ‘नॉट टु बी अपस्टेज्ड’ वाक्याच्या सुरुवातीला येतं, त्यानंतर स्वल्पविराम, आणि मग ज्याला मागे पडायचं नव्हतं तोच कर्ता म्हणून आला पाहिजे. इथे कर्ता बदलला तर वाक्य लंगडं होतं.

उच्चाराचं थोडक्यात. जोर ‘स्टेज’वर, ‘अप’वर नाही. शेवटचा ‘ज’ जीवातला, जहाजातला नव्हे. ‘अपस्टेज्ड’मध्ये शेवटी हलका ‘ड’, त्याचं ‘अपस्टेजेड’ करू नका.

पाचवी पायरी: शेजाऱ्यांपासून वेगळं काढा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. ‘अपस्टेज’च्या आसपास निदान पाच शब्द राहतात. मराठीत त्या सगळ्यांना आपण प्रसंगानुसार ‘भाव खाल्ला’, ‘कुरघोडी केली’, ‘झाकोळून टाकलं’ असं म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत प्रत्येकाचं घर वेगळं आहे.

‘आउटशाइन’ म्हणजे गुणांनी उजवं ठरणं. यात कुणाचा मान हिरावला जात नाही. १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन नाटक कंपन्यांचे दोन मालक, दोघेही गायकनट, दोघांचेही चाहते हिरिरीने भांडणारे. त्या रात्री कोण उजवा ठरला, हा प्रश्न इंग्रजीत विचारायचा तर ‘हू आउटशोन हूम?’ असा विचारावा. ‘अपस्टेज’ इथे बसत नाही, कारण मंचावर दोघांचा मान सारखा होता. प्रयोगाचं नाव ‘संयुक्त’ आहे तेच त्यासाठी.

‘ओव्हरशॅडो’ म्हणजे झाकोळणं, सावली पाडणं. हे काम बहुधा माणसापेक्षा घटना करते, आणि ती सावली पुष्कळदा दीर्घकाळ टिकते. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी अपघाताची बातमी आली आणि उत्सवाचा आनंद विरला, तर ‘द न्यूज ओव्हरशॅडोड द प्रोसेशन’. थोरल्या भावाच्या यशापुढे धाकट्याचं कर्तृत्व आयुष्यभर दिसलंच नाही, तिथेही हाच शब्द. अपस्टेज हा एका प्रसंगाचा, त्या तासा-दोन तासांचा शब्द आहे. आयुष्यभर कुणी कुणाला अपस्टेज करत नाही.

‘स्टील द शो’ म्हणजे आपलं ‘भाव खाऊन जाणं’. हे कौतुकाचं आहे. फारशी अपेक्षा नसलेल्या कुणीतरी येऊन सगळ्यांची मनं जिंकली. कुणाकडचं लक्ष नेलं ते सांगावं लागत नाही: ‘द लिटल बॉय स्टोल द शो.’ वाक्य इथे पुरं होतं.

याचा आणि अपस्टेजचा फरक मैफलीत चांगला दिसतो, आणि पुण्याच्या श्रोत्याला तो समजावूनही द्यावा लागत नाही. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात थंडीत बसून ऐकणारं हे शहर आहे. मुख्य गायकाने ख्यालात तबलजीला मोकळी जागा दिली, तबलजीने तिचं सोनं केलं आणि मंडपाने दाद दिली. ‘द तबला प्लेअर स्टोल द शो.’ गायकही खूश. पण गायक आलापीत तल्लीन असताना तबलजीने न मागता तुकडे, तिहाया टाकून टाळ्या घेतल्या, तर ‘द तबला प्लेअर अपस्टेज्ड द सिंगर’. वादन दोन्हीकडे तेवढंच सफाईचं असू शकतं. बदललं ते हे की, त्या क्षणी जागा कुणाची होती.

‘स्टील समवन्स थंडर’ यामागची गोष्ट इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जॉन डेनिस या नाटककाराने १७०९ साली लंडनच्या ड्ररी लेन थिएटरात आपल्या नाटकासाठी ढगांचा गडगडाट काढण्याची नवी युक्ती वापरली. नाटक चाललं नाही, ते उतरवलं. थोड्याच दिवसांत तो तिथेच ‘मॅकबेथ’ पाहायला गेला, तर आपलाच गडगडाट त्याच्या कानी पडला. माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट मात्र चोरतात, असा संताप त्याने केल्याचं सांगतात. म्हणून या वाक्प्रचारात चोरीचा माल ठरलेला असतो: दुसरा जे करणार किंवा सांगणार होता तेच तुम्ही आधी केलंत. आजोबांच्या पंचाहत्तरीत तुम्ही स्वतःचा साखरपुडा जाहीर केलात, तर तुम्ही आजोबांना अपस्टेज केलंत. पण त्याच पंगतीत तुमची बहीण तिचा साखरपुडा जाहीर करणार होती आणि तिच्याआधी तुम्ही तुमचा केलात, तर ‘यू स्टोल हर थंडर’. मराठीत आपण म्हणू, तिची हवाच काढून घेतलीस.

‘हॉग द लाइमलाइट’ म्हणजे प्रकाश सोडायचाच नाही, एकट्यानेच खात बसायचा. लाइमलाइटचा लिंबाशी काही संबंध नाही. हा ‘लाइम’ म्हणजे चुना, आपली चुनकळी. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुनकळीचा तुकडा तापवला की तो डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश देतो. १८२०च्या दशकात थॉमस ड्रमंड याने तो जमिनीच्या मोजणीत दूरवरून दिसावा म्हणून वापरला. १८३७ मध्ये तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर आला आणि विजेचे दिवे येईपर्यंत मुख्य नटावर तोच झोत पडत राहिला. ‘इन द लाइमलाइट’ म्हणजे त्या झोतात. ‘अंडर द लाइमलाइट’ असं पुष्कळ जण लिहितात. ‘इन’च लिहावं, कारण प्रकाशाचं ते एक वर्तुळ आहे आणि नट त्याच्या आत उभा असतो.

सहावी पायरी: कुणाला म्हणताय, ते पाहा

अपस्टेजमध्ये तक्रार दडलेली असते. ‘यू अपस्टेज्ड मी’ असं तोंडावर म्हटलं तर तो आरोप होतो, आणि हिंजवडीतल्या ऑफिसात वरिष्ठाला तसं म्हणणं जड जाईल. तिथे कर्ता बाजूला ठेवावा: ‘आय फेल्ट अ बिट अपस्टेज्ड इन द मीटिंग.’ मला जरा बाजूला पडल्यासारखं वाटलं. यात ‘फेल्ट’ आणि ‘अ बिट’ या दोन्ही शब्दांचं काम आहे, त्यातला एकही गाळू नका.

उलट बाजूने तो शब्द फार मोहक होतो. दुसऱ्याच्या कार्यक्रमात तुम्हाला बोलायची वेळ आली तर ‘आय डोन्ट वॉन्ट टु अपस्टेज अवर स्पीकर, सो आय विल बी ब्रीफ’ असं म्हणा. आजचा मान वक्त्यांचा आहे, मी थोडक्यात आटोपतो, हे त्यात आलं. चुकून लक्ष तुमच्याकडे गेलंच, तर नंतर त्या माणसाला एकट्याला गाठून ‘आय डिड्न्ट मीन टु अपस्टेज यू’ म्हणावं. सर्वांसमोर म्हटलंत तर पुन्हा सगळे तुमच्याकडेच बघतील.

सातवी पायरी: आपल्याच रंगभूमीचे शब्द तपासून घ्या

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला आणि पुण्यात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं. तेव्हापासून नाटक आपल्या बोलण्यात इतकं मुरलं आहे की आपल्याला ते जाणवतही नाही. वाटाघाटी ‘पडद्यामागे’ होतात, नगरपालिकेची निवडणूक विधानसभेची ‘रंगीत तालीम’ असते, वादावर ‘पडदा पडतो’, लांबलेल्या प्रस्तावनेला आपण ‘नमनाला घडाभर तेल’ म्हणतो. ही मोठी शिदोरी आहे. यातले काही शब्द इंग्रजीत जसेच्या तसे पोहोचतात: पडद्यामागे म्हणजे ‘बिहाइंड द सीन्स’, रंगीत तालीम म्हणजे ‘ड्रेस रिहर्सल’. तिथे बिनधास्त चाला.

काही मात्र फसवतात. सगळ्यांत फसवा ‘वन्स मोअर’. संगीत नाटकाने तो शब्द इंग्रजीतून घेतला आणि इतका आपला केला की आपल्याला तो इंग्रजांचाही वाटतो. इंग्रज प्रेक्षक पुन्हा गाण्यासाठी ओरडतो ते ‘आँकोर’, मूळ फ्रेंच शब्द. ‘शी गॉट टू वन्स मोअर्स’ असं लिहिलंत तर पुण्याबाहेरच्या वाचकाला काही कळणार नाही. ‘शी सँग टू आँकोर्स’ असं लिहा.

‘एंट्री घेतली’ हे मराठी बोलण्यात सुंदर आहे, पण ‘ही टुक एंट्री’ हे इंग्रजी नव्हे. ‘ही मेड अॅन एंट्रन्स’ म्हणावं, आणि झोकात आला असेल तर ‘ही मेड अ ग्रँड एंट्रन्स’. ‘पार्ट केला’ला ‘डिड पार्ट’ नाही, ‘प्लेड अ पार्ट’. ‘नाटकं करू नकोस’ला ‘डोन्ट डू ड्रामा’ सगळीकडे ऐकू येतं. सोंग करतोय असं म्हणायचं असेल तर ‘ही इज पुटिंग ऑन अॅन अॅक्ट’ हे नेमकं. आणि ‘चार लोकांत तमाशा नको’ याला ‘डोन्ट मेक अ सीन’.

‘सूत्रधार’बद्दल जरा जपून. बातम्यांत कटाचा सूत्रधार पकडला जातो, त्याला इंग्रजीत ‘मास्टरमाइंड’. नाटकातला सूत्रधार सांगायचा असेल तर प्रसंगाप्रमाणे ‘नॅरेटर’, आणि भारतीय रंगभूमीवर लिहीत असाल तर सरळ ‘सूत्रधार’च ठेवून एका वाक्यात समजावून द्यावा.

आठवी पायरी: हीच रीत इतर शब्दांना लावा

जागा कुठली, तिथे कोण, पाहतंय कोण, हे तीन प्रश्न घेऊन पुढे निघा.

‘वेटिंग इन द विंग्ज’. जागा विंगेची, म्हणजे मंचाच्या कडेच्या आडोशाची, तिथे तयार होऊन उभा असलेला नट, प्रेक्षकांना अजून न दिसणारा. म्हणून आजच्या नेत्याची जागा घ्यायला सज्ज असलेला वारसदार ‘इज वेटिंग इन द विंग्ज’. नुसती वाट पाहणाऱ्याला हे लागू नाही. रेशनच्या रांगेत उभा असलेला माणूस विंगेत नाही.

‘क्यू’ म्हणजे पुढच्या नटाला बोलायची खूण, आपल्या तालमीतही हाच शब्द. रांगेचा ‘क्यू’ उच्चाराला तसाच, पण शब्द वेगळा आणि लेखनही वेगळं, ईमेल लिहिताना हे पाहा. ‘दॅट्स माय क्यू टु लीव्ह’, आता मी निघायला हवं. ‘टेक युअर क्यू फ्रॉम हर’, ती करते ते बघून तू कर. ‘राइट ऑन क्यू’, नाव काढलं आणि हजर.

‘प्लेइंग टु द गॅलरी’. गॅलरी म्हणजे सगळ्यांत वरची, स्वस्तातली जागा. आपल्या जुन्या नाटकवाल्यांनी याच अर्थाने पिटाचं, म्हणजे खालच्या स्वस्त जागेचं, नाव घेतलं, पिटासाठी टाळ्याखाऊ वाक्यं टाकली. दिशा उलटी, पिट खाली आणि गॅलरी वर, अर्थ तोच: समजदारांऐवजी टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी खेळणं.

‘शोस्टॉपर’वर मात्र थांबायला हवं, कारण पुण्यात हा शब्द तीन वेगळ्या ठिकाणी तीन वेगळ्या अर्थांनी राहतो. मूळ अर्थ असा की, गाण्याला किंवा प्रवेशाला इतक्या टाळ्या पडल्या की खेळ थांबवावा लागला. म्हणजे कौतुकच. फॅशन शोमध्ये आपल्याकडे शेवटी येणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्याला शोस्टॉपर म्हणतात. आणि सॉफ्टवेअर कंपनीत शोस्टॉपर म्हणजे इतका गंभीर दोष की तो काढल्याशिवाय काम बाहेर सोडताच येत नाही. नवीन लागलेल्या मुलीने वरिष्ठांच्या कामाची स्तुती म्हणून ईमेलमध्ये ‘युअर मॉड्यूल इज अ शोस्टॉपर’ लिहिलं, तर संध्याकाळी तातडीची मीटिंग लागेल. ऑफिसात कौतुकासाठी हा शब्द नको.

‘कर्टन रेझर’ मुळात मुख्य नाटकाआधीची छोटी एकांकिका. भारतीय वर्तमानपत्रांत तो कार्यक्रमाच्या आदल्या बातमीला किंवा पत्रकार परिषदेलाही वापरतात. आपल्याकडे चालतो, परदेशी वाचकासाठी ‘प्रिव्ह्यू’ लिहावं. ‘ब्रेक अ लेग’ ही शुभेच्छा फक्त मंचावर जाणाऱ्याला, परीक्षेला किंवा फार तर मुलाखतीला निघालेल्याला, तेही जवळच्या माणसाला. ऑपरेशनला निघालेल्याला कधीच नाही.

नववी पायरी: सराव

पुढचे प्रसंग वाचा, शब्द ठरवा, मगच उत्तराकडे जा.

शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे भाषण करताहेत आणि मागे पडद्याच्या फटीतून झाडाच्या वेशातलं एक पोर प्रेक्षकांना हात करतंय. सगळे हसताहेत. इथे अपस्टेज दोन्ही अर्थांनी खरा आहे. पोर खरोखरच अपस्टेज उभं आहे, आणि ‘द चीफ गेस्ट वॉज अपस्टेज्ड बाय अ ट्री’ हे वाक्यही उत्तम.

सोसायटीच्या सभेत तुम्ही पार्किंगची योजना मांडणार हे सगळ्यांना माहीत होतं. खजिनदारांनी तीच योजना तुमच्याआधी सांगून टाकली. ‘ही स्टोल माय थंडर.’

वर्षानुवर्षं त्याच कंपनीत असूनही मोठ्या भागीदाराच्या नावापुढे दुसऱ्याचं नाव कुणी घेतलंच नाही. ‘ओव्हरशॅडोड.’

शेवटचा जरा अवघड. कॉलेजच्या एकांकिकेत नोकराची चार वाक्यांची भूमिका करणाऱ्या मुलाला अभिनयाचं बक्षीस मिळालं. शब्द ठरवण्याआधी त्याच्या दिग्दर्शकाला विचारा: ती चार वाक्यं तो लिहिल्या जागी उभा राहून बोलला, की नायक बोलत असताना मागे टेबल पुसत, चेहरे करत हशा घेत राहिला? पहिलं असेल तर ‘ही स्टोल द शो’ आणि त्याचं अभिनंदन करा. दुसरं असेल तर ‘ही अपस्टेज्ड द लीड’, आणि पुढच्या प्रयोगाआधी टेबल विंगेजवळ हलवायला सांगा.